चादरीवरचा अंतिम सामना

कोपरेबाईंची आणि माझी ओळख एका चादरीमुळे झाली. मी लाँड्रीत कामाला लागले त्या सकाळी मुकादमांनी मला घडीच्या विभागात नेले, वाफाळत्या चादरीची दोन टोके माझ्या हातांत दिली आणि सांगितले, "समोर बघ. ती करील तसं करायचं." समोर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, कोपरेबाई उभ्या होत्या. त्यांनी माझे नाव विचारले नाही, माझी माणसे कोण हेही विचारले नाही. "कोपरा धर," एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून त्या नोकरी सोडीपर्यंत आम्ही दोघी चादरीच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. माझ्या यजमानांचा चेहरा मी जेवढा पाहिला नसेल तेवढा कोपरेबाईंचा पाहिला आहे, असे मी लिहिले तर ते खोटे होणार नाही.

त्यांचे खरे नाव वेगळे होते, पण ते फक्त हजेरीच्या वेळी कानावर पडे. एरवी त्या सगळ्यांच्या कोपरेबाई. चादरीचा कोपरा कोपऱ्यावर बसला नाही तर त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी बोलता बोलता त्यांचे हात समोरचे टेबलावरचे कापड सरळ करू लागत. त्यांच्या स्वतःच्या खोलीत वस्तू थोड्याच होत्या. एक पलंग, एक कपाट, खिडकीखाली शेगडी आणि भिंतीला एक लांब फळी. त्या फळीवर टॉवेल, रुमाल, इतकेच काय पण दुकानातून आलेल्या रिकाम्या पिशव्यासुद्धा चौकोनी घड्या करून रचलेल्या असत. नवरा लवकर गेला. त्या खोलीतच त्यांनी दोन मुली वाढवल्या. थोरली लग्न होऊन दूर गेली होती. ही हकिकत धाकटीमुळे घडली.

आमचे काम कसे चाले ते आधी सांगणे आवश्यक आहे. लाँड्रीत रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. यंत्रांचा आवाज एवढा मोठा असे की शेजारच्या बाईला काही सांगायचे तर तिच्या कानाशी तोंड न्यावे लागे. म्हणून हाक मारण्याऐवजी मुकादम शिट्टी वाजवीत. छोटी शिट्टी झाली की चादरींचा गाडा पुढे ढकलायचा. लांब शिट्टी झाली की घडी घालायची. गरम चादर निवत गेली की चुण्या तिच्यात घर करतात, आणि मग त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. त्यामुळे लांब शिट्टी ऐकल्यावर विचार करायचा नाही, असा नियम होता. चादर ताणायची, एकमेकींकडे चालत यायचे, कोपऱ्याला कोपरा द्यायचा, मागे सरायचे, पुन्हा पुढे यायचे. डोके कुठेही असो, पाय आपले चालत. मुकादम आम्हांला चिडवीत की, या दोघींच्या उशाशी कोणी शिट्टी वाजवली तर त्या झोपेतच पांघरुणाची घडी घालतील.

लाँड्रीत आणखी एक रीत होती. जुनी बाई काम सोडू लागली की तिच्या जागी कोणाला घ्यावे हे तीच सांगे. तिने नाव दिले तर त्या मुलीसाठी जागा काही महिने राखून ठेवीत. नाव दिले नाही तर दुसऱ्याच दिवशी बाहेरची बाई येऊन उभी राही. कोपरेबाईंचे गुडघे पार कामातून गेले तेव्हा मुकादमांनी त्यांना सांगितले की सोमवारी काय ते नक्की सांगा, जागेसाठी माणसे रांगेत आहेत.

कोपरेबाई वर्षानुवर्षे म्हणत आल्या होत्या की माझी जागा धाकटीची. धाकटीला मात्र ती जागा नको होती. शाळा संपल्यावर या गोष्टीवरून मायलेकींचे कडाक्याचे भांडण झाले. मुलगी म्हणाली, मला त्या वाफेत उकडायचे नाही. आई म्हणाली, त्या वाफेवरच तू एवढी झालीस. मग मुलगी मोठ्या शहरात निघून गेली, आणि काही दिवसांनी निरोप आला की तिला स्टेडियमवर काम मिळाले आहे, मैदानाचे गवत राखण्याचे. हे ऐकून कोपरेबाईंनी कपाळावर हात मारला. गवत आपोआप उगवते, त्याला नोकर कशाला हवेत, असे त्यांनी मला कितीतरी वेळा विचारले.

मुलीचा फोन अधूनमधून येई. "बरं चाललंय," एवढेच ती म्हणे. पण कोपरेबाईंना त्या शब्दांचा भरवसा नव्हता. लहानपणी अंगात सणकून ताप असतानाही पोर याच सुरात बरं आहे म्हणायची, असे त्या सांगत. शनिवारी डबा खाताना त्यांनी माझ्यापुढे सगळे मांडले. मुलीचे तिथे हाल होत असतील, तर त्या मुकादमांना तिचे नाव देणार आणि जागा धरून ठेवणार, मग ती कितीही रागावो. मुलगी खरोखर बरी असेल, तर नाव देणार नाहीत आणि पुन्हा या विषयावर बोलणारही नाहीत. पण फोनवरून हे कळत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजे, तेही तिला न सांगता, कारण सांगून गेले की ती नीटनेटकी होऊन समोर बसणार.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्याच स्टेडियमवर फुटबॉलचा अंतिम सामना होता. सगळे गाव त्याबद्दलच बोलत होते.

"उद्या मॅचला जाऊ," कोपरेबाई म्हणाल्या.

मी म्हटले, "तिकिटं कुठं आहेत आपल्याकडे?"

"तिकीट खेळ बघायला लागतं. मला गवत बघायचंय."

अशा रीतीने आम्ही निघालो. बस खेळाच्या चाहत्यांनी खचाखच भरली होती. कोणी गालांना रंग फासले होते, कोणी अंगाभोवती झेंडे गुंडाळले होते. आम्ही उभ्या होतो तिथे शेजारच्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांचा एक गाल निळा आणि एक पांढरा होता. त्यांनी मोठ्या आदराने विचारले की ताई, तुम्ही कोणत्या संघाच्या. कोपरेबाई म्हणाल्या, "दोन्ही. कपडे दोघांचेही धुवावेच लागणार ना." त्या गृहस्थांना हे इतके आवडले की त्यांनी मागच्या बाकापर्यंत सर्वांना ते ऐकवले, आणि उतरेपर्यंत आम्हांला बसमध्ये बसायला जागा आणि खायला बिस्किटे मिळत राहिली. मी त्यापूर्वी कधी एवढ्या अनोळखी माणसांबरोबर हसले नव्हते.

स्टेडियम जवळून फार मोठे दिसते. मी मान मागे टाकून पाहत राहिले. कोपरेबाई मात्र सरळ फाटकाकडे गेल्या. रखवालदाराने तिकीट मागितले. त्यांनी सांगितले की तिकीट नाही, पण माझी मुलगी आत कामाला आहे, तिला फक्त लांबून बघायचे आहे.

रखवालदार म्हणाला, "माझा मेहुणा पण आत कामाला आहे, मावशी. आणि मी इथं मॅचकडं पाठ करून उभा आहे."

तो उद्धट नव्हता. त्याने समजावून सांगितले की मैदानावरची माणसे पहाटेच आत गेली आहेत आणि सगळे आटोपल्यावर फार उशिरा बाहेर पडतील. मग आमचे चेहरे बघून त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मध्यंतरात खेळाडू आत गेले की गवतवाली मंडळी मैदानात येतात आणि उखडलेली ढेकळे पायाने दाबून बसवतात. टीव्हीवर ती थोडा वेळ दिसतात. कुठे टीव्ही मिळाला तर बघा.

म्हणून आम्ही टीव्ही शोधू लागलो. स्टेडियमच्या भिंतीभोवतीच्या गल्ल्या आमच्यासारख्या बिनतिकिटाच्या माणसांनी फुलल्या होत्या. कोणी ट्रकच्या टपावर बसून रेडिओ ऐकत होते, कोणी गच्चीवरून दुर्बिणीने मैदानाचा एक तुकडा बघत होते आणि जे दिसेल ते खाली ओरडून सांगत होते. प्रत्येक हॉटेलच्या टीव्हीपुढे माणसांच्या इतक्या रांगा होत्या की आम्हांला पुढच्यांच्या डोक्यांखेरीज काही दिसत नव्हते. शेवटी भिंतीच्या अगदी मागच्या बाजूला आम्हांला एक मोटारींचे गॅरेज सापडले. शटर अर्धे खाली ओढलेले होते. आत अंधार करून गॅरेजवाल्याने दोरीवर एक पांढरी चादर टांगली होती आणि छोट्या प्रोजेक्टरने त्यावर सामना दाखवीत होता. बसायला जुने टायर होते. सगळीकडे तेलाचा वास होता. गॅरेजवाल्याने आम्हांला पुढे बोलावले आणि दोन टायर पुसून दिले.

गॅरेजातील सामन्याची एक गंमत होती. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, त्यामुळे चित्र मुके होते. पण खरे स्टेडियम भिंतीपलीकडेच असल्यामुळे हजारो माणसांचा गलका आम्हांला थेट ऐकू येई. चित्र मात्र थोडे मागून येई. आधी भिंतीपलीकडून गलका उठे, मग सगळे गॅरेज श्वास रोखून चादरीकडे बघत बसे की आता काय होणार. गॅरेजवाला म्हणाला, "आपल्याला मॅच शिळी मिळते, पण गरम करून."

कोपरेबाईंचे लक्ष सामन्याकडे नव्हते. त्या माझ्या कानाशी लागून पुटपुटू लागल्या. चादर धड टांगलेली नव्हती. मधोमध एक आडवी चुणी होती, आणि प्रत्येक खेळाडू तिथे आला की त्याचा पाय गुडघ्यातून मोडल्यासारखा दिसे. डावा कोपरा तर लोंबत होता. त्या उठल्या आणि तो कोपरा नीट करू लागल्या. त्यांनी सवयीने चादर ताणली, आणि दोरीची खुंटी भिंतीच्या गिलाव्यासकट निघून हातात आली. चादर खाली आली. सामना मागच्या भिंतीवरच्या पान्यांवर आणि पक्कडींवर दिसू लागला.

गॅरेजात एकच ओरड झाली. पण कोपरेबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कोपरा धर."

आम्ही दोन बाजूंना टायर रचून त्यांवर उभ्या राहिलो; गुडघ्यांमुळे कोपरेबाईंना दोघांनी हात देऊन चढवले. एक हात वर, एक हात खाली. चादर अशी ताणली की चित्र काचेवर उमटल्यासारखे स्वच्छ दिसू लागले. पाय सरळ झाले. मागून कोणीतरी म्हणाले की आता चेंडू गोल दिसतो, मघापासून अंडे बघत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कडेने चित्र तिरपे दिसत होते, पण आम्हां दोघींना अशी दाद त्याआधी कोणी दिली नव्हती, आणि मला ते फार सुखाचे वाटले. हात भरून येत होते. पण दिवसभर चादरी धरणाऱ्या बायकांना त्याचे काय. कोपरेबाईंनी चादरीवरून मला विचारले की मध्यंतर कधी. मी पुढच्या माणसाला विचारून सांगितले की आता होईलच.

गॅरेजवाला एवढा वेळ ध्वनिक्षेपकाच्या तारांशी झटत होता. नेमके त्याच वेळी त्याला यश आले. खरखर झाली, सामन्याचे वर्णन करणाऱ्याचा आवाज अर्ध्या वाक्यापासून सुरू झाला, आणि लगेच पंचांनी मध्यंतराची शिट्टी वाजवली. ती लांब शिट्टी होती, आणि गॅरेजच्या पत्र्याखाली फार मोठी वाजली.

आम्ही विचार केला नाही. कोपरेबाई टायरांवरून उतरल्या, मी उतरले. त्या चालत आल्या, मी चालत गेले. कोपऱ्याला कोपरा दिला, मागे सरलो, हात फिरवला, पुन्हा पुढे आलो. चादरीची चौपदरी घडी झाली आणि कोपरेबाईंनी ती छातीशी धरून वरून हात फिरवला. प्रोजेक्टरचा उजेड आमच्या अंगावर पडला होता. मला एवढेच दिसले की कोपरेबाईंचा चेहरा हिरवागार झाला आहे.

पाठीमागे कोणीतरी फिसकन हसले. मग सगळे गॅरेज हसून हसून लोळू लागले. एक जण डोळे पुसत म्हणाला की बाई, अजून अर्धी मॅच शिल्लक आहे. हसणे थांबेना. मीही हसू लागले होते. तेवढ्यात मी कोपरेबाईंकडे पाहिले, आणि मी हसायची थांबले. ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो ते त्या क्षणी त्यांच्या अंगावर आणि मागच्या पान्यांवर चालले होते, आणि चादर त्यांच्या हातात होती.

"उघड. लवकर उघड," त्या म्हणाल्या.

आम्ही घाईने चादर उघडू लागलो. सगळ्या नोकरीत जे कधी घडले नाही ते तेव्हा घडले. चादरीला पीळ पडला. माझे खालचे टोक त्यांच्या वरच्या हातात गेले. ते सोडवून आम्ही टायरांवर चढेपर्यंत मैदान नाहीसे झाले होते. चादरीवर दंतमंजनाच्या जाहिरातीतला एक मोठा दात हसत होता.

कोपरेबाई टायरावर खाली बसल्या. गॅरेजवाल्याने येऊन विचारले की मावशी, काय झाले, आम्ही हसलो म्हणून राग आला का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मी उभे राहून सर्वांना सांगितले. मला चारचौघांत बोलण्याची सवय नव्हती, तरी मी मुलीबद्दल, गवताबद्दल आणि सोमवारबद्दल सांगितले. लाँड्रीतल्या शिट्टीबद्दलही सांगितले, कारण त्याशिवाय आमच्या वागण्याचा अर्थ लागला नसता. हसणे थांबले. पुढे बसलेल्या एका माणसाने सांगितले की हिरव्या कपड्यांतली काही माणसे भिंतीवर दिसली खरी, पण पान्यांमधून बाई कोण आणि बाप्या कोण ते कळले नाही. याचे त्याला खरोखर वाईट वाटत होते.

गॅरेजवाला म्हणाला, "सामना संपल्यावर ते पुन्हा येतात. बक्षिसाचं व्यासपीठ आणतात ना, तेव्हा गवत सांभाळायला यावंच लागतं."

मी आमच्या बसची वेळ सांगितली. त्यावर तीन-चार जण एकदम म्हणाले की एवढी गर्दी हटल्याशिवाय कुठलीच बस हलत नाही, ती काळजी करू नका.

उत्तरार्ध सुरू होण्यापूर्वी कोपरेबाईंना समोर बसवून दोन पुरुषांनी चादर धरली. ते थोडा वेळच टिकले. एकाचा हात खाली येई, दुसऱ्याचा वर जाई, आणि मैदानाला डोंगरासारखा उतार येई. कोपरेबाईंना ते जेवढे सोसवले तेवढे त्यांनी सोसले. मग उठल्या, आपला कोपरा परत घेतला आणि त्या माणसाला म्हणाल्या की तू बस बाबा, तुझ्या हाताला सवय नाही. मी माझ्या जागी गेले. पण आता लोकांना धास्ती होती की पंच शिट्टी वाजवणार आणि या बाया पुन्हा घडी घालणार. तेव्हा गॅरेजवाल्याने हात पुसायच्या कापसाचे स्वच्छ बोळे करून आमच्या दोघींच्या कानांत घातले. आम्ही नको म्हटले नाही, कारण आमचाही आमच्या पायांवर भरवसा उरला नव्हता.

त्या कापसामुळे एक अपूर्व गोष्ट झाली. सामना संपत आला असताना भिंतीपलीकडून मोठा गलका उठला असावा. आम्हांला तो ऐकू आला नाही. मी फक्त एवढे पाहिले की गॅरेजातील सगळी माणसे अर्धवट उठून, तोंडे उघडी ठेवून थांबली आहेत. आम्ही दोघी शांतपणे कडेने बघत होतो. एक उंच खेळाडू धावत आला, त्याने चेंडू डोक्याने ढकलला आणि चेंडू जाळ्यात गेला. त्या सगळ्या माणसांत गोल ताजा पाहणाऱ्या आम्ही दोघीच. कोपरेबाई कानांत बोळे असल्यामुळे फार मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, गेला की आत," आणि त्यांच्या हातातून कोपरा सुटता सुटता राहिला. लोक नाचत होते. त्या दिवसात मला त्या प्रथमच हसताना दिसल्या.

सामना संपला. आम्हांला शिट्टी ऐकू आली नाही आणि चादर जागेवर राहिली. बाहेर रस्त्यावर लोक धावत सुटले होते, ढोल वाजवल्यासारखे डबे बडवत होते, पण गॅरेजातून कोणी हलले नाही. गॅरेजवाल्याने कोपरेबाईंच्या हातातला कोपरा घेतला आणि खूण करून त्यांना समोरच्या टायरावर बसायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी माझे टोक धरून होते. मी मान हलवली. त्या बसल्या.

त्यानंतर चादरीवर काय दिसले ते मी कडेने, तिरपे पाहिले. माझे बहुतेक लक्ष कोपरेबाईंकडे होते. हिरव्या कपड्यांतली माणसे लाकडी फळ्या घेऊन मैदानात आली. त्यांच्यात ती होती. पायांत मोठे बूट, केस टोपीत कोंबलेले. छायाचित्र काढणाऱ्यांचा एक घोळका गवतावरून पळत येत होता. ती त्यांच्यापुढे आडवी जाऊन उभी राहिली आणि हात पसरून त्यांना मागे हटवू लागली. त्यांत सुटाबुटातले एक बडे गृहस्थ होते, त्यांनाही तिने बोटाने फळीवरून जाण्याचा रस्ता दाखवला, आणि ते निमूटपणे फळीवरून गेले. तिच्या शेजारचा सोबती हसत काहीतरी म्हणाला. तीही हसली. मग खाली पाहून तिने एक उखडलेले ढेकूळ बुटाने बसवले, मान वाकडी करून त्याकडे पाहिले आणि पुन्हा एकदा हलकेच दाबले. एवढेच. मग चित्र खेळाडूंकडे गेले.

कोपरेबाईंनी कानांतले बोळे काढले, मीही काढले. गॅरेजवाल्याने भीत भीत विचारले की मावशी, दिसली का.

"जाडी झालीय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्याला फाटकावरून हाकललं. आणि ही बघ, आतल्यांना हाकलतेय."

सगळे हसले. त्याही हसल्या, आणि पदराने डोळे पुसत हसत राहिल्या. निघताना आम्ही चादरीची नीट घडी घालून गॅरेजवाल्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

बस खरोखरच गर्दी हटेपर्यंत हलली नाही. बसकडे जाताना फाटकापाशी कोपरेबाईंनी त्या रखवालदाराला सांगितले की तुमच्या मेहुण्यालाही आज सगळ्या जगाने पाहिले असेल. त्याने सलाम केला. मी विचारले की थांबायचे का, मुलगी बाहेर पडेपर्यंत. त्या म्हणाल्या की नको, तिला तिचे काम आटोपू दे, गवत उखडलेले आहे.

सोमवारी त्यांनी मुकादमांना सांगितले की माझ्याकडे देण्यासारखे नाव नाही. मुकादमांना आश्चर्य वाटले. त्यांनी विचारले की मुलीला विचारलेत का. त्या म्हणाल्या, विचारले नाही, पाहिले. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. मी त्यांच्या खोलीतच होते. मुलगी आधी चिडली की आलीस तर सांगितले का नाहीस. मग तिने विचारले की मी कशी दिसत होते. आईने जे होते तेच सांगितले, की जाडी. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. शेवटी मुलगी म्हणाली की पुढच्या सामन्याला ये, मी फाटकावर सांगून ठेवते. कोपरेबाई पुढे अनेकदा तिथे गेल्या. मुलीबरोबर मैदानाच्या कडेला बसून त्यांनी डबाही खाल्ला. गवत आपोआप उगवते, असे त्या पुन्हा कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे काम केले. लांब शिट्टी झाली, आम्ही चालत आलो, कोपऱ्याला कोपरा दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या जागी कोण येणार होते ते आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हते. शेवटची घडी गाड्यावर ठेवल्यावर त्या गाड्याला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. एवढ्या वर्षांत कामाच्या वेळी त्या माझ्या बाजूला कधी आल्या नव्हत्या. यंत्रे चालू होती, म्हणून त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणले.

"नवीन येईल तिला पहिले काही दिवस ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि चादर जरा हळू ओढ."